वृंद आणि वृंदनायक : ओस्वाल्दो पुग्लिएसेच्या टँगो-संगीताचा एक विचार

१

शब्दांचा आश्रय न घेणाऱ्या कलेत कलावंताची जीवनदृष्टी कोठे शोधावयाची, हा समीक्षेपुढील एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. कथा, कादंबरी, नाटक यांच्या बाबतीत तो निदान मांडता तरी येतो. तेथे पात्रे बोलतात, घटना घडतात, आणि त्यांतून लेखकाची भूमिका बऱ्यावाईट रीतीने हाती लागते. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा आपल्याकडील वाद ललित वाङ्मयाच्या भूमीवर लढला गेला, तो याच कारणाने. वाद्यसंगीताकडे वळताच या वादातील दोन्ही पक्षांची शस्त्रे बोथट होतात. चार व्हायोलिने आणि एक पियानो यांतून निघणाऱ्या स्वरावलीला पुरोगामी किंवा प्रतिगामी ठरविणे म्हणजे तिच्यावर बाहेरून चिठ्ठी डकविणे होय. उलट मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात मांडल्याप्रमाणे संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनीच कलाकृतीचा उलगडा होतो असे मानले, तर कलावंताच्या आयुष्यातील निष्ठा, त्याग आणि कारावास यांचा त्याच्या कलेशी काही संबंध उरतच नाही. ज्याने या गोष्टींसाठी मोठी किंमत मोजली, अशा कलावंताच्या बाबतीत हा निष्कर्ष स्वीकारणे जड जाते.

या प्रश्नाची कसोटी म्हणून अर्जेंटिनातील टँगो-रचनाकार, पियानोवादक आणि वृंदनायक ओस्वाल्दो पुग्लिएसे (१९०५-१९९५) याच्या कार्याचा येथे विचार करावयाचा आहे. पुग्लिएसे १९३६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. राजकीय मतांपायी त्याने अनेकदा तुरुंगवास भोगला. त्याचबरोबर टँगोच्या वाद्यवृंदीय शैलीत मूलगामी बदल घडवून आणणाऱ्या मोजक्या संगीतकारांत त्याची गणना होते. त्याच्याविषयीचे लेखन बहुधा दोनपैकी एका वाटेने जाते. एका वाटेवर निष्ठावान, सोशिक, निःस्वार्थी अशा माणसाचे चरित्र लागते; दुसरीवर ठेका, आघात आणि स्वरसंहती यांचे तांत्रिक वर्णन लागते. या दोन वाटा कोठे मिळतात, हे सहसा दाखविले जात नाही. त्या मिळतात असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र त्यांचे मीलनस्थान गीतांच्या आशयात नाही, किंवा नायकाच्या मनोभूमिकेतही नाही. ते वृंदाच्या कामाच्या घडणीत आहे. पुग्लिएसेची राजकीय निष्ठा त्याच्या संगीतात 'व्यक्त' झालेली नाही. तिने हे संगीत ज्या परिस्थितीत शक्य झाले ती परिस्थिती घडविली. हा भेद सूक्ष्म वाटला तरी महत्त्वाचा आहे, आणि तो स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

पुग्लिएसेचा जन्म २ डिसेंबर १९०५ रोजी ब्युनॉस आयर्स शहरातील व्हिला क्रेस्पो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. वडील आदोल्फो चर्मकामाच्या धंद्यात होते आणि हौसेने बासरी वाजवीत. दोघे वडील भाऊ व्हायोलिन वाजवीत. घरात संगीत होते, परंतु ते कामावरून परतलेल्या माणसांचे संगीत होते. ओस्वाल्दोने प्रथम व्हायोलिन हाती घेतले, पण लवकरच तो पियानोकडे वळला. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो वस्तीतील एका कॅफेत तिघांच्या लहानशा संचात वाजवू लागला. त्यानंतर बांदोनियॉन वाजविणारी पहिली नामांकित स्त्री पाकिता बेर्नार्दो, एन्रिके पोयेत, रॉबेर्तो फिर्पो, पेद्रो माफिया अशा एकामागून एका वादकाच्या वृंदात त्याने उमेदवारी केली.

येथे बांदोनियॉनविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हे वाद्य मूळचे जर्मनीतले. आपल्या पेटीप्रमाणेच ते भाता आणि धातूच्या रीड यांवर चालते. मात्र ते मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी ताणावे आणि मिटावे लागते, आणि त्याच्या बहुतेक बटणांतून भाता उघडताना एक स्वर व मिटताना दुसरा स्वर निघतो. त्यामुळे स्वर ओढणे, दाबणे, अकस्मात तोडणे या क्रिया त्याला स्वाभाविक आहेत. टँगोला जो उसासा टाकल्यासारखा सूर लाभला आहे, तो पुष्कळ अंशी या वाद्याने दिलेला आहे.

याच उमेदवारीच्या काळात पुग्लिएसेने 'रेकुएर्दो', म्हणजे 'स्मरण', ही रचना केली. रचनाकार अल्पवयीन असल्यामुळे ती वडिलांच्या नावावर नोंदविण्यात आली. हूलियो दे कारोच्या षटकाने १९२६ मध्ये तिचे ध्वनिमुद्रण केले, आणि ती टँगोच्या इतिहासात कायमची जाऊन बसली. दे कारोने १९२४ मध्ये दोन बांदोनियॉन, दोन व्हायोलिने, पियानो आणि कॉन्ट्राबास असा सहा जणांचा संच उभा केला होता. तोवरच्या टँगोत बहुतेक वाद्ये एकच सुरावट मिळून वाजवीत. दे कारोने प्रत्येक वाद्याला स्वतंत्र काम दिले. एक वाद्य मुख्य धून गाऊ लागले की दुसरे तिला आडवी जाणारी प्रतिधून विणी, आणि मधूनच एखाद्याला एकट्याने बोलण्याची संधी मिळे. 'रेकुएर्दो'ची तीन भागांची मांडणी, तिच्या धुनेचा लांब श्वास आणि अखेरच्या भागात बांदोनियॉनसाठी लिहिलेली वेगवान स्वरमाला हे सारे या नव्या पद्धतीला नेमके मानवणारे होते. विशीच्या आतबाहेरच्या मुलाने रचलेली ही कृती त्या काळच्या सर्वांत प्रगत वृंदाला आपलीशी वाटावी, यातच तिचे मोल कळते.

१९२९ मध्ये पुग्लिएसेने व्हायोलिनवादक एलव्हिनो व्हार्दारो याच्यासह एक षटक काढले. जाणकारांनी त्याची वाखाणणी केली, पण देशातील दौरा आर्थिकदृष्ट्या फसला आणि षटकाचे एकही ध्वनिमुद्रण मागे राहिले नाही. या अपयशाकडे चरित्रकार केवळ एक टप्पा म्हणून पाहतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र ते निर्णायक आहे. उत्तम वादक एकत्र आले म्हणून वृंद टिकत नाही. त्यांच्या पोटापाण्याची व्यवस्था टिकाऊ नसेल तर कलाही टिकत नाही, हा धडा त्यात होता. १९३५ च्या सुमारास पुग्लिएसे संगीतकारांची कामगार संघटना उभारण्याच्या कामात सहभागी झालेला आढळतो, आणि पुढच्याच वर्षी पक्षात. ११ ऑगस्ट १९३९ रोजी कॉरिएन्तेस मार्गावरील 'एल नासिओनाल' या कॅफेत त्याचा स्वतःचा वृंद प्रथम लोकांसमोर आला. त्यापूर्वीचे त्याचे प्रयत्न अल्पजीवी ठरले होते. हा वृंद मात्र, माणसे बदलत गेली तरी, पुढे अर्धशतकाहून अधिक काळ वाजत राहिला.

३

हा वृंद सहकारी तत्त्वावर चाले. सहकार म्हटले की आपल्याकडे साखर कारखाना आणि पतपेढी डोळ्यांपुढे येते. कलावंतांच्या संचाला हा शब्द लावण्याची आपल्याला फारशी सवय नाही. म्हणून त्याचा येथील अर्थ सांगणे अवश्य आहे. ब्युनॉस आयर्समध्ये प्रचलित पद्धत अशी होती की वृंदनायक हा वृंदाचा मालक असे. नृत्यगृहे, नभोवाणी केंद्रे आणि ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या यांच्याशी करार तो करी, आणि वादकांना ठरलेला मेहनताना देई. पुग्लिएसेच्या वृंदात उत्पन्नाची वाटणी गुणांकानुसार होई. वृंदातील सेवेचा काळ, हजेरीतील नियमितपणा, तसेच रचना आणि वाद्यवृंदीकरण यांतील वाटा यांप्रमाणे प्रत्येकाच्या खात्यावर गुण जमा होत, आणि मिळकतीतील त्याचा हिस्सा त्यांवरून ठरे.

या व्यवस्थेतील शेवटची बाब समीक्षकाने विशेष ध्यानात घ्यावी. टँगो ही लिहून पूर्ण झालेली कृती सहसा नसते. रचनाकार धून आणि तिचा सांगाडा देतो. प्रत्येक वृंद आपल्या प्रकृतीप्रमाणे तिचे वाद्यवृंदीकरण करतो. एकच टँगो दोन वृंदांकडून ऐकला तर तो ओळखूही येऊ नये इतका फरक त्यात पडू शकतो. तेव्हा टँगोत खऱ्या अर्थाने 'कर्ता' कोण, या प्रश्नाचे उत्तर बहुधा रचनाकार हे नसून वृंद हे आहे. पुग्लिएसेच्या वृंदात हे कर्तृत्व जमाखर्चाच्या वहीत मान्य केले गेले होते. ज्याने वाद्यवृंदीकरण केले, त्याचा हिस्सा वाढला. याचा परिणाम वृंदाच्या संग्रहात दिसतो. ओस्वाल्दो रुजिएरो, होर्हे काल्दारा, मारिओ देमार्को, एमिलिओ बाल्कार्से, हुलिआन प्लासा हे वृंदातील वादकही होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी रचनाकार किंवा वाद्यवृंदकार म्हणूनही नाव मिळविले. काल्दाराची 'पातेतिको' आणि बाल्कार्सेची 'ला बोर्दोना' या रचना पुग्लिएसेच्या वृंदाच्या ओळखीचा अविभाज्य भाग बनल्या. 'ला बोर्दोना' ऐकताना ती नायकाची रचना नाही, हे श्रोत्याला सांगावे लागते.

याच्याशी तुलना म्हणून अनीबाल त्रोइलोच्या वृंदाचे उदाहरण घेता येईल. आस्तोर पियाझोला १९३९ ते १९४४ या काळात तेथे बांदोनियॉनवादक होता आणि वाद्यवृंदीकरणही करीत असे. त्याने लिहिलेल्या स्वरांपैकी पुष्कळ स्वर त्रोइलो खोडून टाकी. त्रोइलोचा कान असामान्य होता, आणि त्याच्या खोडण्याने संगीताचे नुकसान झाले असे कोणी म्हणणार नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या वृंदाची शैली एका माणसाच्या निवडीतून घडत होती. पुग्लिएसेच्या वृंदात ती पुष्कळांच्या भरीतून घडत होती. दोन्ही मार्गांनी श्रेष्ठ कला निर्माण झाली. परंतु ती एकाच जातीची नव्हे.

४

आता प्रत्यक्ष संगीताकडे वळू. पुग्लिएसेच्या वृंदाने पहिले ध्वनिमुद्रण १५ जुलै १९४३ रोजी ओडिऑन कंपनीसाठी केले. त्याच्या शैलीचे नाव ज्या रचनेवरून पडले ती 'ला युम्बा' १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. 'युम्बा' हा शब्द कोशातला नव्हे. तो ठेक्याचा अनुकार आहे, आपल्या तबल्याच्या बोलांसारखा. चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी 'युम', दुसरी आणि चौथी 'बा'. 'युम'वर सर्व बांदोनियॉन आणि तंतुवाद्ये एकदम आघात करतात. परंतु हा आघात मात्रेवर नेमका सुरू होत नाही. मात्रेच्या किंचित आधी स्वर खालून फरफटत आणला जातो आणि मात्रेवर आपटला जातो. टँगोचे वादक या क्रियेला 'आर्रास्त्रे' म्हणतात. मराठीत तिला 'ओढ' म्हणता येईल. 'बा'वर वृंद मागे सरतो, आणि पियानोच्या खर्जातील एक बोथट, जवळजवळ स्वरहीन असा ठोका कॉन्ट्राबासच्या साथीने तेवढा उरतो. एखादे जड ओझे दोरीने ओढणाऱ्या माणसांची एकत्र हालचाल मनात येते. ही उपमा श्रोत्याची आहे. संगीतावर ती लादण्याचा हेतू नाही.

या ठेक्याचे तीन विशेष नोंदवावेसे वाटतात. पहिला असा की या वृंदात तालवाद्य नाही. ठेका सांभाळण्याचे काम कोणा एकाकडे सोपविलेले नसून ते सर्वांनी मिळून करावयाचे आहे. दुसरा असा की 'ओढ' ही कागदावर पुरतेपणी लिहिता येत नाही. ती किती आधी सुरू करावी, किती जोराने करावी, याचे प्रमाण वादकांनी एकमेकांच्या सहवासात ठरवावे लागते. तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा. हा ठेका एकसारखा चालू राहत नाही. 'ला युम्बा'मध्येच तो अकस्मात विरतो, त्याच्या जागी व्हायोलिनची गेय, संथ ओळ येते, पियानो जवळजवळ स्वगत बोलावे तसा बोलतो. आणि मग वृंद पुन्हा एका झटक्यात पहिल्या आघातावर येतो. या चढउतारात वेगही बदलतो. समोर उभा राहून काठीने मात्रा दाखविणारा संचालक येथे नाही. नायक पियानोमागे बसलेला आहे. तरीही दहाबारा माणसे एकाच क्षणी थबकतात आणि एकाच क्षणी सुटतात.

एकट्या वादकाने लय लांबविणे किंवा आखडणे ही गोष्ट नवी नाही. प्रत्येक संगीतात ती आहे. संपूर्ण वृंदाने तसे करणे मात्र दुर्मीळ आहे. हुआन दारिएन्सोने १९३५ पासून लोकप्रिय केलेल्या टँगोत वेग जलद आणि आघात घड्याळासारखा नियमित होता. त्याने नृत्यगृहे पुन्हा भरून टाकली, यात शंका नाही. कार्लोस दी सार्लीच्या वृंदात व्हायोलिने एकरूप होऊन गात, आणि नायकाचा पियानो त्यांच्याखालून सर्व गोष्टींचे नियमन करी. या दोन्ही घडणींत एक स्थिर केंद्र आहे: दारिएन्सोकडे ते ठेक्यात, दी सार्लीकडे पियानोत. पुग्लिएसेच्या वृंदात केंद्र फिरते राहते. कधी ते रुजिएरोच्या बांदोनियॉनकडे असते, कधी एन्रिके कामेरानोच्या व्हायोलिनकडे, कधी कॉन्ट्राबासच्या गजाकडे. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे विरोधलयीला प्राधान्य आहे, आणि समतोल हा गृहीत धरलेला नसून दर खेपेस नव्याने मिळवावा लागतो.

'ला युम्बा'नंतर 'नेग्राचा' (ध्वनिमुद्रण १९४८) आणि 'मालान्द्राका' (१९४९) या रचनांत पुग्लिएसेने हा विचार टोकाला नेला. 'नेग्राचा'मध्ये धुनेचा संकोच इतका झाला आहे की काही छोटे, तुटक आकृतिबंध आणि त्यांची एकमेकांशी होणारी टक्कर एवढेच उरते. ज्या काळात टँगो हा मुख्यतः गायकाच्या नावावर विकला जात होता, त्या काळात नृत्यगृहात वाजवावयाच्या संगीताने एवढे धाडस करावे ही साधी गोष्ट नव्हे.

गायक त्याच्याही वृंदात होते. रॉबेर्तो चानेल, आल्बेर्तो मोरान, पुढे होर्हे मासिएल यांचा चाहतावर्ग मोठा होता. परंतु त्यांनी गायिलेल्या गीतांचे विषय बहुतांशी टँगोचे नेहमीचेच आहेत: विरह, वासना, हरवलेली वस्ती, उतरलेले तारुण्य. मोरानने गाऊन गाजविलेली काल्दाराची 'पासिओनाल' ही रचना घ्यावी. तीत उत्कट प्रीतीवाचून दुसरे काही नाही. पुग्लिएसेच्या राजकीय मतांचा शोध गीतांच्या शब्दांत घेणाऱ्याला म्हणूनच रिकाम्या हाताने परतावे लागते, आणि मग तो 'कला वेगळी, राजकारण वेगळे' असा सोयीचा निष्कर्ष काढतो. त्याने शोध चुकीच्या जागी घेतलेला असतो.

५

ही शैली सामूहिक आहे असे नुसते म्हणणे पुरेसे नाही. तसे म्हणण्यास आधार हवा. सुदैवाने पुग्लिएसेच्या वृंदाच्या इतिहासातच असे दोन प्रसंग आहेत की ज्यांना आपण कसोटीचे प्रसंग म्हणू शकतो.

पहिला सर्वपरिचित आहे. पेरॉनच्या राजवटीत, तसेच १९५५ मध्ये ती कोसळल्यानंतर आलेल्या राजवटीतही, पुग्लिएसेला अटक झाली. नभोवाणीवरूनही त्याच्या वृंदावर वेळोवेळी बंदी आली. नायक तुरुंगात असताना वृंद पियानोवर एक लाल कार्नेशनचे फूल ठेवून ठरलेले कार्यक्रम पार पाडी. हे फूल पुढे त्याचे चिन्ह झाले. चित्रांत, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर, स्मारकांच्या संदर्भात ते सतत भेटते. त्याचा अर्थ नेहमी असा लावला जातो की नायकाची जागा दुसरे कोणी भरून काढू शकत नव्हते. भावनेच्या दृष्टीने हा अर्थ खरा आहे. परंतु या घटनेत दुसराही अर्थ आहे, आणि तो अधिक विचारणीय आहे. नायक नसतानाही वृंद वाजत राहिला. मालकाला अटक झाली तर दुकान बंद पडते. सहकारी संस्थेचा अध्यक्ष तुरुंगात गेला तरी संस्थेचे काम चालू राहते. लाल फूल हे जितके अनुपस्थितीचे चिन्ह आहे तितकेच ते त्या अनुपस्थितीतही टिकून राहणाऱ्या व्यवस्थेचे चिन्ह आहे.

दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. १९६८ मध्ये वृंदातील रुजिएरो, व्हिक्तोर लाव्हायेन, बाल्कार्से, ऑस्कार एर्रेरो, प्लासा आणि आल्सिदेस रॉसी हे सहा ज्येष्ठ वादक बाहेर पडले आणि गायक मासिएलसह त्यांनी 'सेक्स्तेतो टँगो' हा स्वतंत्र संच काढला. पहिल्या प्रसंगी वृंद होता आणि नायक नव्हता. या प्रसंगी नायक होता आणि वृंदाचा कणा गेला होता. शैली जर केवळ त्या सहा जणांच्या हातांत असती, तर ती त्यांच्याबरोबर निघून गेली असती. शैली जर केवळ पुग्लिएसेच्या डोक्यात असती, तर 'सेक्स्तेतो टँगो'ला काही विशेष सांगण्यासारखे उरले नसते. यांपैकी काहीच घडले नाही. 'सेक्स्तेतो टँगो'च्या वादनात जुन्या वृंदाची ओढ आणि आघात स्पष्ट ऐकू येतात. इकडे पुग्लिएसेने बहुतांशी नव्या, तरुण वादकांना घेऊन १९६९ मध्ये एदुआर्दो रोव्हिराच्या 'आ एव्हारिस्तो कार्रिएगो' या रचनेचे ध्वनिमुद्रण केले. ती संथपणे उमलणारी रचना आज त्याच्या सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रणांत मोजली जाते. तीही स्वतःची रचना नव्हे, हे लक्षात घ्यावे.

यावरून असे दिसते की ही शैली व्यक्तीत नव्हती आणि व्यक्तींच्या बेरजेतही नव्हती. ती कामाच्या एका रीतीत होती. ही रीत शिकता येत होती, नव्या माणसाला देता येत होती, आणि बाहेर पडणाऱ्याला बरोबर नेता येत होती. आपल्याकडील वाचकाला येथे घराण्याची आठवण होईल. साम्य आहे, पण भेद अधिक उद्बोधक आहे. घराण्यात विद्या गुरूकडून शिष्याकडे, वरून खाली येते, आणि तिचे प्रामाण्य गुरूच्या मुखात असते. पुग्लिएसेच्या वृंदात ती शेजारी बसलेल्या वादकाकडून, म्हणजे आडव्या दिशेने पसरते, आणि तिचे प्रामाण्य एकत्र वाजविण्यात असते.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात, आणि ते टाळून जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की युम्बाची मुळे दे कारोच्या परंपरेत आहेत, आणि दे कारोचा संच सहकारी नव्हता. म्हणजे शैलीचा उगम व्यवस्थेत नाही. हे मान्यच केले पाहिजे. पुग्लिएसेने दे कारोचे ऋण कधी लपविले नाही. सहकारातून युम्बा 'निर्माण झाला' असे येथे म्हटलेलेही नाही. बियाणे दे कारोचे होते. ते ज्या जमिनीत एवढे वाढले ती जमीन सहकाराने तयार केली, एवढेच म्हणणे आहे. कारण आणि अनुकूल परिस्थिती यांत फरक आहे. कलेच्या सामाजिक समीक्षेत हा फरक विसरला की ती यांत्रिक होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अखेर वृंदाला नाव पुग्लिएसेचेच होते. कोणत्या रचना घ्यावयाच्या आणि कोणता नाद स्वीकारावयाचा यांवर त्याच्या रुचीचा ठसा होता. मग सामूहिकतेची ही भाषा म्हणजे एका थोर व्यक्तीच्या वर्चस्वावर घातलेले पांघरूण तर नव्हे? याचे उत्तर असे की सामूहिक कामात नेतृत्व नाहीसे होत नाही. त्याचे स्वरूप बदलते. पुग्लिएसेच्या पियानोवादनाकडे पाहिले तर हे कळते. तो श्रेष्ठ पियानोवादक होता, पण चमत्कृतिपूर्ण एकल वादन त्याच्या ध्वनिमुद्रणांत क्वचितच सापडते. 'बा'वरचा तो खर्जातील बोथट ठोका हे त्याचे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण काम. जेथे इतर सर्व थांबतात तेथे तो आधार देतो, आणि जेथे इतर सर्व बोलतात तेथे तो त्यांच्यात मिसळून जातो. नेतृत्वाची ही कल्पना त्याने भाषणात मांडली असेल वा नसेल. ठेक्याच्या दुबळ्या मात्रेवर त्याने ती दररात्री वाजवून दाखविली.

या संदर्भात पियाझोलाशी असलेला त्याचा संबंध पाहण्यासारखा आहे. पियाझोलाने १९४६ ते १९४९ पर्यंत नेहमीच्या घाटाचा वृंद चालविला, आणि १९५५ मध्ये अष्टक काढून टँगोला नृत्यगृहातून श्रवणगृहात नेले. रचनाकाराच्या स्वातंत्र्यासाठी त्याला तसे करणे भाग पडले असावे. पुग्लिएसेने त्याच्या रचना आदराने वाजविल्या, आणि १९८९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे दोघांनी एकाच रंगमंचावर कार्यक्रमही केला. परंतु पुग्लिएसेने नर्तकाची सोबत सोडली नाही. त्याची लय नर्तकाला सोपी नाही. ती पावलाला थांबावयास लावते, वाट पाहावयास लावते. तरीही वस्तीतील मंडळांचे आणि क्लबांचे लोक त्याच्या मागोमाग एका नृत्यगृहातून दुसऱ्यात जात राहिले. नवता आणि लोकप्रियता यांत विरोध असलाच पाहिजे, हे गृहीत येथे खोटे ठरते.

हेच श्रोते त्याच्या कार्यक्रमात 'कोलोनला!' अशी आरोळी देत. तेआत्रो कोलोन हे ब्युनॉस आयर्सचे भव्य संगीतिकागृह. अभिजनांच्या संगीताचे ते माहेरघर. १९८३ मध्ये लष्करी हुकूमशाही संपली, आणि २६ डिसेंबर १९८५ रोजी, वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यानंतर, पुग्लिएसे आपल्या वृंदासह तेथे वाजविण्यास बसला. श्रोत्यांची आरोळी खरी ठरली. २५ जुलै १९९५ रोजी त्याचे निधन झाले.

मरणोत्तर त्याच्या वाट्याला एक विलक्षण प्रकारची कीर्ती आली. अर्जेंटिनातील संगीतकार आणि नट रंगमंचावर जाण्यापूर्वी अपशकुन टळावा म्हणून तीनदा 'पुग्लिएसे' असे म्हणतात. 'सान पुग्लिएसे', म्हणजे 'संत पुग्लिएसे', असे लिहिलेले त्याचे चित्र पाकिटात बाळगतात. पक्षनिष्ठ कम्युनिस्टाला लाभलेल्या या संतपदाची गंमत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यात एक धोकाही आहे. संत हा नेहमी एकटा असतो. ज्याने आपल्या मिळकतीचे आणि कर्तृत्वाचे हिशेब इतरांच्या बरोबरीने मांडले, त्याला एकट्याला देव्हाऱ्यात बसविले की त्याने केलेली मुख्य गोष्टच दृष्टीआड होते. चरित्रपर लेखनाने हा धोका वाढविला आहे, आणि केवळ तांत्रिक विश्लेषणानेही तो कमी केलेला नाही. कारण तेही 'पुग्लिएसेची शैली' असे एकवचनी नाव घेऊनच सुरू होते.

कलेतील जीवनदृष्टीचा प्रश्न आरंभी उपस्थित केला होता. पुग्लिएसेच्या उदाहरणावरून त्याचे पूर्ण उत्तर मिळते असा दावा नाही. मात्र प्रश्न मांडण्याची पद्धत त्यावरून सुधारता येते. 'या कलाकृतीत कोणता विचार सांगितला आहे?' असे विचारण्याऐवजी 'ही कलाकृती कोणी, कोणत्या नात्याने एकत्र येऊन, कोणत्या अटींवर घडविली, आणि त्या नात्याची खूण तिच्या घाटात कोठे उमटली आहे?' असे विचारले, तर शब्दविरहित कलेतही उत्तर शोधता येते, आणि ते शोधताना घाटाचा अभ्यास सोडावा लागत नाही, उलट तो अधिक बारकाईने करावा लागतो. नाटकमंडळी, कीर्तनाची साथ, बँड, चित्रपटसंगीताचे वादकवृंद अशा ज्या ज्या कलांत अनेक हात राबतात आणि एक नाव उरते, त्या सर्वांच्या अभ्यासाला हा प्रश्न लागू पडतो. त्यांच्या इतिहासात वादकांची नावे, त्यांचे मेहनताने आणि त्यांनी घातलेली भर यांची नोंद जमविणे हे समीक्षेच्या बाहेरचे काम नव्हे. समीक्षेचा तो आरंभ आहे.